'तुले कोनं काय म्हटलं वं?' : ऐकणाऱ्या बाईचाही छळ होतो

कार्यालयात चार पुरुष आपापसात बाईच्या अंगाबद्दल बोलतात. मोबाईलवरची क्लिप एकमेकांना दाखवतात, फिदीफिदी हसतात. बाजूच्या टेबलावर एक बाई मान खाली घालून नोंदी करत असते. ती कधी बोललीच, तर आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तिला मिळणारे उत्तर ठरलेले असते : "तुले कोनं काय म्हटलं वं? आम्ही तं आमच्यात बोलत होतो."

हे उत्तर साधे वाटते, पण त्याने तक्रारीचा दरवाजाच बंद होतो. साहेबही हेच विचारतात, सहकारी बायाही कधी कधी हेच विचारतात आणि समिती असली तर तिच्यापुढेही हाच प्रश्न येतो : तुझं नाव घेतलं का? तुला हात लावला का? नाही ना? मग तुझा काय संबंध?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. तिचा संबंध आहे. कामाच्या जागी सहकाऱ्यांचे लैंगिक वागणे-बोलणे दुसऱ्या कोणाबद्दल असले, गैरहजर बाईबद्दल असले किंवा फक्त पुरुषापुरुषांत चालले असले, तरी ते ऐकत आणि पाहत बसण्यावाचून जिला पर्याय नाही, तिचा तो छळ ठरू शकतो. कधी ठरतो आणि कधी ठरत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. ते समजले नाही तर दोन्हीकडून नुकसान आपल्याच बायांचे आहे.

कोण बाई ऐकत असते?

हा प्रश्न फक्त पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींतला आहे असे समजू नका. खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाजवळ राबणारी बाई घ्या. नगरपालिकेत कंत्राटावर झाडू मारणारी घ्या. पंचायत समितीत अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर डेटा एन्ट्री करणारी पोरगी घ्या. आशा ताई, अंगणवाडी सेविका, मदतनीस, दवाखान्यातली कंत्राटी नर्स घ्या. वेचणीच्या दिवसात पहाटे टेम्पोत दाटीने बसून दुसऱ्या गावच्या शेतात जाणाऱ्या मजूर बाया घ्या. ड्रायव्हर आणि मुकादम पुढे बसून डबल मीनिंगची गाणी लावतात, गाण्यावर शेरे मारतात आणि मागे वीस बाया चूप बसून असतात. उतरायचे कुठे? उतरली तर त्या दिवसाची मजुरी गेली.

इथेच खरी गोम आहे. रस्त्यावर कोणी घाण बोलले तर बाई बाजूला होऊ शकते. कामाच्या जागी तिला बाजूला होता येत नाही, कारण ती बसली आहे ती जागा म्हणजे तिची भाकर आहे. ज्याला उठून जाता येते आणि ज्याला येत नाही, त्या दोघांसाठी एकच विनोद सारखा नसतो.

आणि उठून जाता न येणाऱ्यांत सगळ्यात जास्त कोण आहे, हे आम्ही सांगायला नको. कायम नोकरी, वरचे पद आणि खुर्ची कोणाकडे आहे आणि कंत्राट, रोजंदारी, झाडू, टोपली कोणाकडे आहे, हे कोणत्याही तालुक्याच्या कार्यालयात उभे राहून पाहा. बौद्ध, मातंग, चर्मकार, आदिवासी, भटक्या-विमुक्त, मुस्लीम घरांतल्या बाया शेवटच्या ओळीत आहेत. म्हणून 'ऐकणारी बाई' हा प्रश्न आमच्यासाठी जातीचा प्रश्नही आहे.

कायदा काय म्हणतो?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, तो २०१३ साली झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. त्याच्या मुळाशी आहे सर्वोच्च न्यायालयाचा १३ ऑगस्ट १९९७ चा विशाखा निकाल. आणि त्या निकालाच्या मुळाशी आहेत भंवरीदेवी : राजस्थानातल्या भटेरी गावच्या, कुंभार समाजातल्या, सरकारी कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली गावच्या वरच्या जातीच्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला आणि १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. शहरातल्या ऑफिसांत आज ज्या कायद्याची प्रशिक्षणे होतात, तो कायदा एका बहुजन, ग्रामीण, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईच्या लढ्यातून आला आहे. तो आमच्या टेम्पोपर्यंत पोचत नसेल, तर तो अर्धाच पोचला.

कायद्याने लैंगिक छळाच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत : नकोसा स्पर्श आणि जवळीक, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरे मारणे, अश्लील चित्रे किंवा चित्रफिती दाखवणे आणि नकोसे वाटणारे इतर कोणतेही लैंगिक स्वरूपाचे वागणे, मग ते शब्दाने असो, हावभावाने असो. 'लैंगिक शेरे' म्हणताना ते कोणाला उद्देशून हवेत, असे कायदा लिहीत नाही. पुढे कलम ३ मध्ये कायदा सांगतो की बाईच्या कामात अडथळा आणणारे किंवा तिच्यासाठी धाकाचे, अपमानकारक, शत्रुत्वाचे वातावरण निर्माण करणारे वागणे लैंगिक कृत्याशी जोडलेले असेल, तर तो छळ ठरू शकतो.

'वातावरण' हा शब्द महत्त्वाचा आहे. वातावरण एकटीचे नसते. ते खोलीत असलेल्या प्रत्येकीचे असते. धूर सोडणारा म्हणू शकत नाही की मी धूर तुझ्याकडे तोंड करून सोडला नव्हता.

कबूल आहे, 'बाजूला बसून ऐकणारी बाई' असे शब्द कायद्यात नाहीत. हे आमचे वाचन आहे. पण ते हवेतले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली डॉ. पुनिता सोढ प्रकरणात सांगितले की शत्रुत्वाचे वातावरण आहे की नाही हे तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या जागेवरून पाहिले पाहिजे, कारण पुरुषांना निरुपद्रवी वाटणारे बोलणे स्त्रीला तसे वाटत नाही. अमेरिकेत तर नेमका हाच प्रश्न न्यायालयात गेला. अलाबामा राज्यातल्या एका वाहतूक कंपनीच्या कार्यालयात आपल्या विभागात एकटीच बाई होती. पुरुष सहकारी रोज बायकांबद्दल घाण शब्द वापरायचे आणि रेडिओवर अश्लील कार्यक्रम लावायचे. तिच्याबद्दल नव्हे, इतर बायांबद्दल. कंपनी म्हणाली, तिला कोण काय म्हटले? खालच्या न्यायालयाला ते पटले. जानेवारी २०१० मध्ये वरच्या न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ते फिरवले आणि खटला चाललाच पाहिजे असे सांगितले. त्यांनी एक उपयोगी फरक केला : नुसती उर्मट, शिवराळ भाषा वेगळी आणि बाईजातीला खाली पाडणारी भाषा वेगळी. दुसरी भाषा कोणत्याही बाईबद्दल वापरली तरी ऐकणाऱ्या बाईला ती तिची जागा दाखवून देते.

आमच्याकडच्या आई-बहिणीवरच्या शिव्यांना हा फरक लावून पाहा. शिवी पुरुषाने पुरुषाला दिली, पण त्यात अंग कोणाचे काढले? बाईचे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. शिवी ज्याला दिली त्याच्यापेक्षा जिच्यावरून दिली तिचा अपमान मोठा, हे एका गावाला कळले. कार्यालयांना कळायला काय हरकत आहे?

अपमान आणि प्रेक्षक : हे आपल्याला नवीन नाही

आंबेडकरी चळवळीतल्या माणसाला हा मुद्दा लवकर समजायला हवा. ॲट्रॉसिटी कायद्यात जातीवरून अपमानाचा गुन्हा ठरायला तो सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी व्हावा लागतो. २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही असे म्हटले. त्या अटीमुळे आपल्या लोकांना किती त्रास होतो तो वेगळा विषय. पण त्या कलमामागे एक खरी समज आहे : अपमान एकट्याचा नसतो, पाहणाऱ्यांमुळे तो मोठा होतो. चौकात एकाला जातीवरून शिवी दिली की ती चौकात उभ्या असलेल्या त्याच्या जातीच्या प्रत्येक माणसाला लागते. कायदा त्या प्रत्येकाला फिर्यादी मानत नाही, पण तुम्हा-आम्हाला त्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही.

मग बाईबद्दल आपण वेगळा न्याय का लावतो? शेजारच्या टेबलावर 'त्या वस्तीतल्या बाया कशा असतात' यावर हशा पिकतो, तेव्हा त्याच वस्तीतून आलेली कंत्राटी कर्मचारी तिथे फाईल घेऊन उभी असते. नाव दुसरीचे घेतले, निरोप हिला मिळाला. आणि असे बोलणे दलित किंवा आदिवासी बाईला उद्देशून झाले, तर तिच्या जातीची माहिती असताना लैंगिक शब्द वा हावभाव वापरणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यानेही स्वतंत्र गुन्हा आहे. हे आपल्या बायांना माहीत असले पाहिजे.

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या मुलीला रोज आठ तास मान खाली घालून बसावे लागत असेल, तर ते माप आपल्याला काय सांगेल?

बुलढाण्याची ताराबाई

आमच्या जिल्ह्याला यासाठी बाहेरून धडा आणायची गरज नाही. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या प्रकरणात फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. पुण्यातले पुरुष लिहीत होते, पुण्यातले पुरुष वाचत होते. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांचे नाव त्यात कुठेच नव्हते. त्यांना कोणी काही 'म्हटले' नव्हते.

तरी त्यांनी ते स्वतःला म्हटले असे मानले आणि १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापून उत्तर दिले. ज्या दुर्गुणांसाठी बाईला बोल लावता, ते तुमच्यात नाहीत काय, असा त्यांचा उलटा सवाल होता. सत्यशोधक घरातल्या या बाईवर टीका झाली, आपलेच काही लोक नाराज झाले, तेव्हा जोतीराव फुले 'सत्सार' मधून तिच्या बाजूने उभे राहिले. 'तुले कोनं काय म्हटलं वं' या प्रश्नाचे उत्तर बुलढाण्यातून दिले गेले त्याला १४० वर्षे होऊन गेली. त्याच गावच्या कार्यालयात बाईला आजही तोच प्रश्न विचारला जातो.

कधी छळ नाही?

आता दुसरी बाजू. ऐकायला-पाहायला नकोसे वाटले ते सगळे छळ नव्हे. हे सांगणे आम्हाला गरजेचे वाटते, कारण या हत्याराचा दुसरा टोकदार भाग आपल्याच पोरांच्या पोटात जाऊ शकतो.

एकाच कार्यालयात वेगवेगळ्या जातींचे दोन सहकारी एकमेकांच्या प्रेमात आहेत. सोबत डबा खातात, सोबत बसस्टँडवर जातात. हे पाहून कोणाला त्रास होत असेल, तर तो त्रास लैंगिक छळाचा नाही, जातीचा आहे. 'कार्यालयाची शिस्त', 'संस्कृती', 'मर्यादा' या नावाखाली अशा जोडप्यावर तक्रार झाली तर समितीने ती ओळखली पाहिजे. बाईच्या कपड्यांमुळे 'वातावरण बिघडते' ही तक्रारही त्याच पेटीतली. आशा ताई बैठकीत निरोध आणि कुटुंबनियोजनाबद्दल बोलते, ते तिचे काम आहे. त्यावरून मागच्या बाकावर जी खसखस पिकते, तो छळ आहे.

म्हणून आम्ही काही प्रश्न सुचवतो. वागणे-बोलणे लैंगिक स्वरूपाचे आहे का? ते त्या बाईला नकोसे आहे का? इथे लक्षात ठेवा, नोकरी जाण्याच्या भीतीने हसून घेणे म्हणजे संमती नव्हे. ते कामाच्या जागी, कामाच्या ग्रुपवर किंवा मालकाने दिलेल्या गाडीत घडले का, जिथून तिला उठून जाता येत नाही? ते वारंवार घडते का, किंवा एकदाच पण फार गंभीर आहे का? आणि त्यामुळे तिचे काम, तिची सुरक्षितता, तिची प्रतिष्ठा यांना धक्का लागतो का? उत्तरे 'होय' असतील, तर तिचे नाव घेतले की नाही हा प्रश्न मागे पडतो. उत्तरे 'नाही' असतील, फक्त कोणाच्या नैतिकतेला ठेच लागली असेल, तर समितीने त्यात पडू नये. प्रतिष्ठेचे रक्षण आणि नैतिकतेची पहारेदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संविधानाची आहे, दुसरी मनुस्मृतीची.

न्यायालये नेहमी आपल्यासारखी विचार करतील असेही नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका खासगी बँकेच्या प्रकरणात, सहकारी महिलेच्या लांब केसांवरून जेसीबीची कोटी करून केसांवरचे गाणे म्हणणे हा लैंगिक छळ ठरत नाही असा निर्णय दिला आणि समितीचा अहवाल रद्द केला. त्याच प्रकरणात एका पुरुष सहकाऱ्याच्या शरीरावरून महिलांसमोर शेरा मारल्याचाही आरोप होता. तक्रारदार त्या वेळी तिथे नव्हती, हे न्यायालयाने लक्षात घेतले. निकालाशी आम्ही सगळा सहमत नाही. पण त्यातून एक व्यवहारी धडा घ्यावा लागतो : ऐकणाऱ्या बाईची तक्रार टिकवायची तर ती स्वतः हजर होती, काय ऐकले, कोणत्या तारखांना ऐकले आणि त्याचा तिच्या कामावर काय परिणाम झाला, हे लिहिलेले असले पाहिजे. आणि त्या शेऱ्याच्या वेळी ज्या बाया प्रत्यक्ष तिथे होत्या, त्यांची तक्रार त्यांचीच आहे. ती दुसरीने करायची वाट पाहू नये.

बुलढाण्यात काय करायचे?

दहा किंवा जास्त माणसे काम करतात अशा प्रत्येक जागी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. शेतमजूर, घरकामगार, दुकानातली पोरगी, मुकादमाच्या टेम्पोतली बाई, सगळ्यांसाठी ही समिती आहे, कारण असंघटित क्षेत्र आणि मालकाने दिलेले वाहनही कायद्याने 'कामाचे ठिकाण' मानले आहे. या समितीवर नेमलेल्यांत किमान एक महिला अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली असली पाहिजे, असे कायदा सांगतो.

गोवा विद्यापीठातून आलेल्या ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी आदेश दिले की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती करा आणि तालुक्या-तालुक्यात तक्रार घेणारा समन्वय अधिकारी ठेवा. आमच्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. संग्रामपूरच्या आदिवासी पट्ट्यातल्या बाईने तक्रार घेऊन बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत यावे, ही अपेक्षा कायद्याचीही नाही. म्हणून आमची मागणी आहे : तेराही समन्वय अधिकाऱ्यांची नावे आणि फोन नंबर प्रत्येक पंचायत समिती, नगरपालिका, आरोग्य केंद्र, आगार आणि बाजार समितीच्या फलकावर मराठीत लावा. स्थानिक समितीवर आमच्या समाजातली महिला कोण आहे, ते जाहीर करा. कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून हे विचारावे. हे एका अर्जाचे काम आहे.

बायांनी लक्षात ठेवावे : तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, कारण योग्य असेल तर आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर समितीने मदत केली पाहिजे. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. तक्रारदाराची आणि साक्षीदाराची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. आणि आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

पुरुष सहकाऱ्यांनाही आम्ही बोलणार आहोत. हा कायदा तक्रारदार म्हणून फक्त महिलेला मानतो. पण साक्ष पुरुष देऊ शकतो. ती स्वतः तक्रार करू शकत नसेल तर तिच्या लेखी संमतीने घटनेची माहिती असलेली व्यक्ती ती देऊ शकते. चार जण हसत असताना पाचवा गप्प बसतो आणि नंतर एकटा भेटून म्हणतो, "ताई, मलाही ते आवडलं नव्हतं." त्या सहानुभूतीचा तिला काही उपयोग नाही. तिथल्या तिथे 'बस करा' म्हणा, नाहीतर समितीसमोर खरे सांगा. संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी, मग त्या कर्मचाऱ्यांच्या असोत की शिक्षकांच्या, आपल्या सभासदाला वाचवायचे की आपल्या सभासद भगिनीला, हे आधी ठरवावे.

'तुले कोनं काय म्हटलं वं?' असे कोणी विचारले तर आमच्या बहिणींनी खुशाल सांगावे : मी बाई आहे, मी इथे कामाला आहे आणि तुम्ही जे म्हटले ते मी ऐकले. तक्रारीला एवढे पुरेसे आहे. पुढचे काम समितीचे आहे, आणि समिती नसेल तर ती बसवून घेण्याचे काम आपले सगळ्यांचे आहे.

जय भीम! जय जिजाऊ! जय सावित्री!